रेघा किती, चित्रे किती

फेब्रुवारी २०२० मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२० हा फोन जाहीर केला. त्याच्या पडद्यावर ३२०० गुणिले १४४० पिक्सेल होते आणि तो पडदा सेकंदाला १२० वेळा नवे चित्र दाखवू शकत होता. पण दोन्ही गोष्टी एकदम मिळत नव्हत्या. सेटिंग्जमध्ये १२० हर्ट्झ निवडले की रिझोल्यूशन २४०० गुणिले १०८० वर यायचे, आणि पूर्ण रिझोल्यूशन हवे असेल तर रिफ्रेश रेट ६० वरच थांबायचा. गुणाकार करून पाहिला तर यामागचा हिशेब दिसतो. पूर्ण रिझोल्यूशनची ६० चित्रे म्हणजे सेकंदाला सुमारे २७ कोटी ६५ लाख पिक्सेल. कमी रिझोल्यूशनची १२० चित्रे म्हणजे सुमारे ३१ कोटी १० लाख. बोजा जवळपास तेवढाच. दोन्ही एकत्र द्यायचे तर तो ५५ कोटींच्या पुढे जातो. फोन घेताना आज अनेकांना पडणारा प्रश्न इतक्या उघडपणे मांडला गेला तो तेव्हा. मात्र तो नवा नाही, हलत्या चित्राच्या धंद्याइतकाच जुना आहे. एका सेकंदात जेवढा माल पडद्यावर पोचवता येतो, तो चित्राच्या बारकाव्यावर खर्च करायचा की चित्रांच्या संख्येवर? सव्वाशे वर्षांत हा सौदा पुन्हापुन्हा झाला आहे. त्या सौद्यांचा इतिहास पाहिला तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: बारकाव्याला डोळ्याची हद्द असते आणि ती बरीच लवकर गाठता येते, पण वेळेच्या बाजूने केलेली काटकसर डोळा सहज माफ करत नाही. ज्यांनी ती केली, त्यांना तिची भरपाई दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने करावीच लागली.

पहिला सौदा एडिसन आणि ल्यूमिएर बंधू यांच्यातला. एडिसनचा किनेटोस्कोप म्हणजे एका वेळी एकाच माणसाने भिंगातून डोकावून पाहायची पेटी. त्यासाठी सेकंदाला ४६ चित्रे हवीत, त्याहून कमी असतील तर डोळ्याला ताण पडेल, असे एडिसनचे मत होते. पण ५० फुटांच्या फितीवर साधारण ८०० चित्रे मावत, आणि ४६ च्या वेगाने ती सतरा-अठरा सेकंदांत संपून जात. ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपला सिनेमॅटोग्राफ लोकांपुढे आणला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्याचा खेळ झाला. त्यांचा वेग सेकंदाला १६ चित्रांच्या आसपास होता. जवळपास तेवढीच फीत आता पन्नास सेकंद चालू लागली. हा वेग हातानेही सांभाळता येत असे: हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे. फीत महाग होती आणि सौदा किफायतशीर होता, म्हणून जगभर तोच रुळला. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटावर १६ चित्रे बसतात, त्यामुळे एक फूट म्हणजे एक सेकंद असा सोपा हिशेब ऑपरेटरच्या हाती आला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट सांगितली जाते. सोळाच्या वेगाने चालवला तर तो तासाभराचा होतो, चोवीसच्या वेगाने चालवला तर एक्केचाळीस मिनिटांत आटोपतो.

पण सोळा चित्रांत एक अडचण होती. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत प्रोजेक्टरची झडप प्रकाश अडवते, त्यामुळे पडदा सेकंदाला सोळा वेळा काळा होई आणि डोळ्यांपुढे सतत लुकलुक होई. हालचाल सलग वाटायला सोळा चित्रे कशीबशी पुरतात, पण प्रकाश सलग वाटायला ती फार कमी पडतात. डोळ्याच्या या दोन वेगळ्या मागण्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यावर एक विलक्षण साधा तोडगा रूढ झाला, तीन पात्यांची फिरती झडप. एकच चित्र जागेवर असताना प्रकाश तीनदा टाकायचा. चित्रे सोळाच, पण प्रकाशाचे ठोके अठ्ठेचाळीस. पुढे बोलपट आले. वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते, म्हणून तो कुठेतरी कायमचा बांधणे भाग होते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्रणेने १९२६ मध्ये तो सेकंदाला २४ चित्रांवर, म्हणजे मिनिटाला ९० फुटांवर बांधला. झडपेची पाती दोन झाली आणि ठोके पुन्हा अठ्ठेचाळीसच राहिले. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ याच बोलपटाच्या युगातले. इथला धडा महत्त्वाचा आहे. चित्रपटाचा फ्रेम रेट आणि पडद्याचा रिफ्रेश रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सिनेमाच्या यंत्रज्ञांना तेव्हाच उमगले होते, आणि चित्रांत वाचवलेला पैसा त्यांनी ठोक्यांच्या रूपाने प्रेक्षकाला परत केला होता.

टेलिव्हिजनमध्ये फितीची जागा रेडिओलहरींच्या पट्ट्याने घेतली आणि तीच ओढाताण जास्त तीव्र झाली. जॉन लॉगी बेअर्डचे सुरुवातीचे प्रक्षेपण मध्यम लहरींच्या साध्या रेडिओ वाहिनीवरून होई. तिची रुंदी नऊ-दहा किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजापुरती. एवढ्या फटीतून चित्र पाठवायचे तर दोन्हीकडून कापणे आले: चित्रात फक्त ३० रेघा आणि सेकंदाला साडेबारा चित्रे. ते चित्र उभे होते, सात उंच तर तीन रुंद, आजच्या हातातल्या फोनसारखेच. चेहरा ओळखू येई, ओठ हलताना दिसत, त्यापलीकडे फारसे काही नाही. तरी एवढ्या कंगालीतही बेअर्डने सगळा माल रेघांवर घातला नाही. चित्रे सेकंदाला पाच-सहा केली असती तर रेघा साठ करता आल्या असत्या, पण ते हलते चित्र राहिलेच नसते. वेळेच्या बाजूने एक तळ असतो आणि त्याखाली गेले की बारकावा कितीही वाढवा, हाती काही लागत नाही.

खरी लढत झाली ती १९३६ साली लंडनमध्ये, आणि आजच्या फोनच्या प्रश्नाशी तिचे नाते इतके जवळचे आहे की तिथे थोडे थांबायलाच हवे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सेल्सडन समितीने किमान अट घातली होती: २४० रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. बेअर्डच्या कंपनीने नेमके तेवढेच दिले, २४० रेघांचे पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा. मार्कोनी-ईएमआय कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ॲलन ब्लूमलाइनसारखे अभियंते काम करत होते. त्यांनी ४०५ रेघा ठरवल्या, पण त्या एका दमात ओढायच्या नाहीत असेही ठरवले. आधी एकाआड एक रेघा, २०२ आणि वर अर्धी. मग मधल्या गाळलेल्या. पूर्ण चित्रे सेकंदाला २५ च, पण पडदा वरून खाली उजळून निघे तो सेकंदाला ५० वेळा. लहरींचा पट्टा वाढला नाही आणि लुकलुक मात्र पार कमी झाली. तीन पात्यांच्या झडपेने फितीवर जे साधले होते, ते इंटरलेसिंग नावाच्या या युक्तीने विजेच्या पडद्यावर साधले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवल्या जात. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बंद करण्यात आली.

बेअर्ड रेघांमुळे किंवा लुकलुकीमुळे हरला नाही, कॅमेऱ्यामुळे हरला, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा हलवता येई, मोकळ्या हवेत नेता येई. बेअर्डच्या स्टुडिओत आधी फिल्मवर चित्रण करायचे, ती मिनिटाभराच्या आत धुऊन ओलीच असताना वाचायची, अशी अवजड व्यवस्था होती. निकालाला ते कारण मोठे होतेच. पण माझा मुद्दा कोण जिंकले हा नाही. जिंकणाऱ्याने आपल्याजवळचा माल कसा वाटला, हा आहे. समितीने २५ वर समाधान मानले होते. त्याच पट्ट्यात ईएमआयला ४०५ रेघांची २५ पूर्ण चित्रे सरळ दाखवता आली असती आणि ती जास्त रेखीव दिसली असती, कारण इंटरलेसिंगमध्ये बारीक आडव्या रेघा थरथरतात आणि हालचालीच्या कडा करवतीसारख्या दिसतात. तरीही त्यांनी यंत्राची गुंतागुंत वाढवून, थोडी रेखीवता गमावून ठोके दुप्पट केले. जगातल्या बाकी सगळ्यांनी हाच मार्ग धरला. अमेरिकेच्या १९४१ च्या ५२५ रेघा आणि युद्धानंतर युरोपात रूढ झालेल्या ६२५ रेघा, दोन्ही इंटरलेसच. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत जे दूरदर्शन आले, तेही ६२५ रेघांचे, सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे. भारतात ५० आणि अमेरिकेत ६०, हे आकडे घरातल्या विजेच्या वारंवारतेवरून आले, कारण विजेशी मेळ नसला तर चित्रावर हलते पट्टे उमटत.

तिसरा सौदा कॉम्प्युटरच्या काचेच्या मॉनिटरवर झाला आणि पहिल्यांदाच त्याची निवड वापरणाऱ्याच्या हाती आली. नव्वदच्या दशकातल्या सतरा इंची मॉनिटरची मर्यादा बहुतेकदा सेकंदाला ७० हजार आडव्या रेघांची असे. त्या मर्यादेत १२८० गुणिले १०२४ हे रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर बसायचे, त्याला ६४ हजार रेघा लागत; किंवा १०२४ गुणिले ७६८ हे ८५ हर्ट्झवर, त्याला सुमारे ६८,७०० लागत. म्हणजे एस२० ची अट दोन दशके आधी जशीच्या तशी समोर होती. टीव्ही लांबून आणि अंधुक उजेडात पाहिला जाई, मॉनिटर हातभर अंतरावर आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर. चित्र जितके उजळ तितकी लुकलुक जास्त जाणवते, हा डोळ्याचा नियम आहे. ६० हर्ट्झच्या पांढऱ्या पडद्यावर दिवसभर अक्षरे वाचणाऱ्यांचे डोके दुखे, म्हणून जाणकार सल्ला देत की रिझोल्यूशन एक पायरी उतरवा, पण हर्ट्झ ८५ च्या आसपास ठेवा. आयबीएमने १९८७ मध्ये १०२४ गुणिले ७६८ इंटरलेस करून विकण्याचा प्रयत्न केला होता. तिथे पूर्ण चित्र सेकंदाला जेमतेम साडेत्रेचाळीस वेळा येई. टीव्हीवर खपून गेलेली युक्ती अक्षरांच्या पडद्यावर खपली नाही, पुढच्या मॉनिटरांनी ती टाकून दिली.

मग एलसीडी आला आणि हे सारे शहाणपण दहा-पंधरा वर्षे विस्मरणात गेले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या काचेच्या नळीत प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझत असे. एलसीडीत तो पुढचे चित्र येईपर्यंत तसाच तेवत राहतो. लुकलुक संपली, आणि हर्ट्झची चिंता करण्याचे जुने कारणच नाहीसे झाले. ६० हा आकडा मात्र राहिला. अमेरिकेच्या विजेवरून तो टीव्हीत आला, टीव्हीवरून कॉम्प्युटरच्या पडद्यात, आणि तिथून स्मार्टफोनमध्ये. ५० हर्ट्झच्या देशात, बॅटरीवर चालणाऱ्या फोनचा ठोका ६० का असावा, याला वारशाखेरीज दुसरे कारण नाही. पण लुकलुक जाताना एक नवा दोष मागे ठेवून गेली. चित्र सरकत असताना डोळा त्याच्यामागे सलग फिरतो. पडद्यावरचे चित्र मात्र एकाच जागी थबकून मग उडी मारते. त्या थबकण्याच्या काळात फिरत्या डोळ्याच्या पडद्यावर चित्र फासले जाते. जुन्या नळीत हा दोष जवळपास नव्हता, कारण ठिपका थबकायच्या आत विझलेला असे.

या विस्मरणाच्या काळातच फोनच्या रिझोल्यूशनची शर्यत लागली. तिची सुरुवात योग्यच होती. जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ वर साडेतीन इंचांत ९६० गुणिले ६४० पिक्सेल होते, इंचाला ३२६. फोन दहा-बारा इंचांवर धरला तर इंचाला ३०० च्या पुढे डोळ्याला वेगळे ठिपके दिसत नाहीत, असे स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा सांगितले. सामान्य निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ३० सेंटिमीटरवर त्यावरून इंचाला सुमारे २९० येतात, २५ सेंटिमीटरवर ३५०, आणि ४० सेंटिमीटरवर २२० पुरतात. तीक्ष्ण नजरेचे लोक याच्या पुढेही पाहतात, म्हणून ४०० पर्यंत जाण्यात अर्थ होता. पण कंपन्या थांबल्या नाहीत. २०१४ च्या एलजी जी३ वर इंचाला ५३८ झाले. २०१५ मध्ये सोनीच्या एक्स्पीरिया झेड५ प्रीमियमवर ८०६ झाले, आणि त्या फोनमध्ये फोटो व व्हिडिओ सोडले तर बाकी सगळे १०८० च्याच रिझोल्यूशनवर चाले. २०१७ चा गॅलेक्सी एस८ तर १४४० पिक्सेलचा पडदा लावून १०८० वर ठेवूनच ग्राहकाच्या हाती येई. आपण दिलेले पिक्सेल आपणच बंद करून ठेवायचे, याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

आता बोटाखालच्या पडद्याचा हिशेब करू. साडेसहा इंची, २४०० गुणिले १०८० चा फोन घ्या. इंचाला ४०५ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.०६३ मिलिमीटरचा. बातम्यांची यादी अंगठ्याने वर सरकवताना मजकूर सेकंदाला दहा सेंटिमीटर गेला, तर ६० हर्ट्झवर प्रत्येक उडी १.६७ मिलिमीटरची पडते, म्हणजे २६ पिक्सेलांची. डोळा त्या मजकुरामागे फिरत असेल तर अक्षराची कड तेवढीच फासली जाते. १२० हर्ट्झवर ती १३ पिक्सेलांवर येते. इंचाला ४०५ ऐवजी ५६० पिक्सेल घातले तरी फासलेली रुंदी तीच, १.६७ मिलिमीटर, फक्त ती जास्त पिक्सेलांनी भरली जाते. म्हणून रिझोल्यूशन विरुद्ध रिफ्रेश रेट ही मांडणीच मला अपुरी वाटते. स्थिर चित्राची रेखीवता पिक्सेल ठरवतात आणि सरकत्या चित्राची रेखीवता हर्ट्झ ठरवतात. फोनचा पडदा दिवसभर सरकत असतो. टीव्ही किंवा पुस्तक तसे सरकत नाही. स्थिर रेखीवतेत आपण डोळ्याच्या हद्दीपर्यंत पोचलो आहोत, सरकत्या रेखीवतेत अजून कितीतरी मागे आहोत. पुढची कमाई त्याच बाजूला आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सिनेमाचाच आहे. जास्त चित्रे इतकी हितकारक असतील तर सिनेमा शंभर वर्षे चोवीसवर का राहिला? टॉड-एओ पद्धतीने १९५५ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ ७० मिलिमीटरवर सेकंदाला ३० चित्रांनी काढला. त्या पद्धतीने पुढे ३० सोडून २४ धरले आणि मोठी फीत मात्र ठेवली. म्हणजे बारकावा टिकला, वेग गेला. २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ चित्रांनी दाखवला, तर अनेक प्रेक्षकांना तो टीव्हीवरच्या मालिकेसारखा उघडावाघडा वाटला. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण सिनेमात प्रेक्षकाचा हात चित्राला लागत नाही. कॅमेरामन हालचालीचा वेग जपतो, झडपेच्या कालावधीने प्रत्येक चौकटीत थोडा नैसर्गिक फासलेपणा आणतो, आणि चोवीसच्या त्या पोतावर गोष्ट सांगण्याची एक परंपरा उभी राहिली आहे. फोनमध्ये चित्र आपल्या बोटाने हलते. बोट कुठे आहे हे शरीराला ठाऊक असते. चित्र मागे पडले की ते लगेच जाणवते. तिथे चोवीसचा पोत कोणालाही नको असतो. १९५५ आणि २०१२ चे निकाल हे कलाकृतीच्या रूपाबद्दलचे निकाल आहेत, हातातल्या साधनाला ते लागू होत नाहीत.

त्यातूनच दुसरा आक्षेप निघतो: फोनवर आपण पाहतो ते चित्रपट आणि मालिका २४, २५ किंवा ३० चित्रांच्याच असतात, मग १२० चा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो झडपेच्या पात्यांकडे नेतो. ६० ला २४ ने भाग जात नाही. म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्रपटाची एक चौकट दोन ठोके टिकते, पुढची तीन, पुढची पुन्हा दोन. कॅमेरा सावकाश आडवा फिरताना जो हलका गचका जाणवतो तो यामुळेच. १२० ला २४ ने पाच वेळा, ३० ने चार वेळा भाग जातो आणि प्रत्येक चौकट सारखीच टिकते. २४ साठी ९० हर्ट्झला हे साधत नाही. जुन्या टीव्हीवर ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली जाई: २५ चित्रांच्या देशांत चित्रपट चार टक्के वेगाने पळवत, अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपे आणि गाण्याची पट्टी किंचित चढे. १२० च्या पडद्यावर असे काही पळवावे लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो आपल्या लिपीचा आहे. रोमन अक्षरापेक्षा देवनागरी अक्षराला उभी जागा जास्त लागते: शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये ‘राष्ट्र’ मधल्यासारखी जोडाक्षरे. बारीक मजकुरातला अनुस्वाराचा ठिपका ०.२ मिलिमीटरचा धरला तर इंचाला ४०५ पिक्सेलांच्या पडद्यावर त्याला तीन पिक्सेल मिळतात. त्यात बहुतेक ओएलईडी पडद्यांवर लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात, त्यामुळे ४०५ हा आकडा दोन रंगांसाठी प्रत्यक्षात २८५ च्या आसपास ठरतो. म्हणून मराठी वाचकाने बारकाव्याचा आग्रह इंग्रजी वाचकापेक्षा जास्त धरावा, हे मला मान्य आहे. पण तो आग्रह ४०० च्या आसपास पुरा होतो. ५६० ने अनुस्वाराला चौथा पिक्सेल मिळेल. १२० हर्ट्झने तोच अनुस्वार मजकूर सरकत असतानाही आपल्या अक्षरावरच दिसेल. यातले दुसरे मला अधिक मोलाचे वाटते.

जास्त हर्ट्झने बॅटरी लवकर संपते हा आक्षेप २०२० मध्ये खरा होता, आता तो बराच निवळला आहे. आयफोन १३ प्रो २०२१ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा गरजेप्रमाणे १० ते १२० हर्ट्झ फिरत होता. पुढे काही फोन स्थिर चित्रावर १ हर्ट्झपर्यंत उतरू लागले. पान हलत नसेल तेव्हा ठोका थांबवता येतो. वेळ अशी क्षणोक्षणी आवरता-सोडता येते. पडद्यात बसवलेले पिक्सेल तसे कमी करता येत नाहीत. त्याच वेळी, १२० च्या पुढे धावण्यातही मला राम दिसत नाही. ६० वरून १२० ला जाताना प्रत्येक चित्राची वाट ८.३ मिलिसेकंदांनी कमी होते, १२० वरून २४० ला जाताना ४.२ ने, आणि बोजा मात्र दर वेळी दुप्पट. बाजारानेही शेवटी हाच हिशेब स्वीकारलेला दिसतो. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ अल्ट्रामध्ये १४४० आणि १२० एकत्र दिले, पण अनेक कंपन्यांनी १०८० वर थांबून १२० घेतले. फोनमध्ये ४के चा झेंडा वर्षानुवर्षे एकटीने धरून ठेवणाऱ्या सोनीने २०२४ च्या एक्स्पीरिया १ सहाव्या आवृत्तीत तो खाली ठेवला आणि १०८० चा, १ ते १२० हर्ट्झचा पडदा लावला.

मात्र हा सगळा युक्तिवाद डोळ्याची हद्द ओलांडलेल्या पडद्यांना लागू आहे, आणि आज स्वस्त फोनच्या बाबतीत तो उलटा वापरला जातो याचा मला राग येतो. साडेसहा इंचांवर १६०० गुणिले ७२० पिक्सेल आणि डब्यावर ठळक अक्षरांत ९० हर्ट्झ, असे कितीतरी फोन बाजारात आहेत. त्यांची घनता इंचाला २७०, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या हद्दीच्याही खाली. असे का बनवतात हे गुणाकारच सांगतो: ७२० ची ९० चित्रे म्हणजे सेकंदाला १० कोटी ३७ लाख पिक्सेल, १०८० ची ६० चित्रे म्हणजे १५ कोटी ५५ लाख. पहिला पडदा स्वस्त, त्याचा प्रोसेसरही हलका चालतो, आणि तो हलका प्रोसेसर अनेकदा ९० चित्रे वेळेवर देऊही शकत नाही. हे फोन ज्यांच्या हाती जातात त्यांत बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडणारी मुले आहेत. अठरा सेंटिमीटर रुंदीचे पान सात सेंटिमीटरांत दाबले की तीन मिलिमीटरचे अक्षर जेमतेम सव्वा मिलिमीटरचे होते, आणि मूल फोन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर आणते. तिथे इंचाला किमान ३५० हवेत. त्या मुलांसाठी फोन घेणाऱ्याने डब्यावरचे ९० सोडून द्यावेत आणि त्याच पैशांत साधा ६० हर्ट्झचा, पण १०८० पिक्सेलचा पडदा मागावा.